सीटखालची धडधड

मंगळवार, ३ फेब्रुवारी

माझं ठरलंय. गाडीला सबवूफर बसवायचा.

म्हणजे नुसता खर्जातला आवाज काढणारा स्पीकर. हा शब्द नातीने शिकवला. तिला घरात सगळे टिकली म्हणतात. तिच्या मैत्रिणीच्या भावाच्या गाडीत आहे एक. परवा मला त्या गाडीत बसवलं, गाणं लावलं — आणि माझ्या पोटात कोणीतरी धुणं आपटायला लागलं. गाणं कानात वाजत होतं ते वेगळं, हे खालून, हाडातून. टिकली म्हणाली, "आजी, घाबरलीस का गं?" घाबरते कसली. म्हटलं, परत लाव.

जेवताना सांगून टाकलं. साहेबांचा घास हातातच राहिला. साहेब म्हणजे माझाच मुलगा. ऑफिसात साहेब आहे, घरात शिरताना ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायला विसरतो.

"आई, ते टपोरी पोरं लावतात."

"मग आता टपोरी म्हाताऱ्या लावतील."

सूनबाई पाणी आणायला म्हणून आत गेली. तांब्या भरलेलाच होता.

हे खिडकीकडे तोंड करून जेवले आणि उठले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

खरं कारण घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी "बिचारी" म्हणून मान हलवली असती आणि मला गप्प बसावं लागलं असतं. हौस म्हटलं की निदान भांडता तरी येतं. वहीला सांगायला हरकत नाही, तिच्या पोटात राहतं.

कारण म्हणजे आमचे हे.

यांनी उभा जन्म सिटी बस चालवली. नोकरी संपली तरी लायसन खिशात होतं, आणि ते होतं तोवर माणूस ड्रायव्हर होता. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर सही केली नाही. लायसन गेलं. तेव्हापासून हे खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. न्हावीसुद्धा घरी येतो आता. खालून बस गेली की नुसत्या आवाजावरून सांगतात, हिचा क्लच गेलाय, त्याला ब्रेक मारायची अक्कल नाही. सांगतात कोणाला? खिडकीच्या गजाला.

आणि त्याच वर्षी मी गाडी शिकले! तिसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या खेपेला तर परीक्षा घेणाऱ्याचीच सायकल पाडली, पण ते जाऊ दे, ती त्याने उभीच चुकीच्या ठिकाणी केली होती. साहेबाने नवी गाडी घेतली, त्याची जुनी छोटी मी भांडून मागून घेतली. यांना फिरवायचं, एवढंच डोक्यात. जन्मभर यांनी अख्ख्या शहराला फिरवलं, आता मी यांना फिरवते, त्यात काय बिघडलं?

हे एकदा, एकदाच, बसून बघायला आले. गेटपर्यंत गेलो असू. म्हणाले, थांबव. "ही गाडी आहे की सुटकेस? बुडाखाली काही लागतच नाही. चालू आहे का बंद, कळत नाही." उतरले नि वर गेले. तेव्हापासून माझ्या शेजारची सीट कोरी आहे.

बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असतं, पत्र्याच्या झाकणाखाली. सगळी धडधड ड्रायव्हरच्या अंगात. हेच म्हणायचे, ड्रायव्हर निम्मी गाडी डोळ्यांनी चालवतो, निम्मी बुडाने.

ठीक आहे. बुडाखाली काही लागत नाही ना? मी लावते. सीटखाली स्पीकर ठेवीन, त्यात बसच्या इंजिनाचा आवाज सोडीन, मग बघते कसे बसत नाहीत.

घाई अशासाठी, की बावीस तारखेच्या रविवारी डेपोत मिस्त्रींचा निरोप समारंभ आहे. यांची बस जन्मभर त्यांनीच दुरुस्त केली. निरोप आला तेव्हा हे म्हणाले, "जमणार नाही." साहेब म्हणाला, मी सोडतो. टिकली म्हणाली, आबा, टॅक्सी करू. तर म्हणतात, "डेपोत पॅसिंजर होऊन जाऊ? मेलो तरी नाही."

मिस्त्री रोज फोन करतात. हे फोन उचलत नाहीत. मी उचलते आणि खोटं बोलते, अंघोळीला गेलेत म्हणून. मिस्त्रींना वाटत असेल, हा माणूस पाण्यातच राहतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मोठ्या शोरूमला जाऊन आले. काचेचं दार, आत थंडगार. टाय लावलेला विक्रेता पुढे आला आणि माझ्या मागे बघायला लागला, बरोबर कोण आहे म्हणून. कोणी नव्हतं.

"मॅडम, कोणासाठी बघायचाय?"

"गाडीसाठी."

दाखवला बुवा त्याने. डिकीत ठेवायची पेटी, केवढी! आमच्या लग्नातली ट्रंक लहान. वर लाल दिवे, आणि वॉटचा आकडा इतका मोठा की तेवढ्यात एखादी गल्ली उजळेल. दुकानातल्या गाडीत बसवून वाजवूनही दाखवला. काच थरथरली, आरसा थरथरला, माझी कवळीसुद्धा थरथरली. मी चपला काढून तळवे खाली टेकवले. तिथे काही नाही! सगळं मागून येऊन मानेत बसत होतं.

म्हटलं, "भाऊ, मला मानेत नकोय. बुडात हवंय."

त्याचा टायच आवळल्यासारखा झाला. पण माणूस सज्जन. हसला नाही. म्हणाला, "मग सीटखालचा घ्या. चपटा असतो. मशीन आतच, वेगळा ॲम्प्लिफायर लागत नाही. डिकीतल्याएवढा दम नसतो, पण तुमचं काम होईल." दाखवलाही. एवढासा, देखणा, कडेला चकाकी.

किंमत ऐकली आणि चपला घातल्या.

माझा हट्ट आहे तर पैसे माझ्याच शिलाईचे लागणार. साहेबाकडे मागितले तर सबवूफरबरोबर भाषणही फुकट मिळेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

भोंग्याकडे गेले. आधीच जायला हवं होतं.

भोंग्या म्हणजे गाड्यांचे भोंगे, स्पीकर, दिवे बसवणारा. मी गाड्यांच्या सीट शिवायचे त्या दुकानाच्या अगदी लागून त्याचा गाळा. किती वर्षं भिंतीला भिंत लावून काम केलं — तो भोंगे वाजवून बघायचा, मी शिवणयंत्रावरून शिव्या द्यायचे. माझी सुई तुटली की त्याचं नाव.

"ताई, तुम्ही गाडी चालवता हेच मला अजून पचलं नाही, त्यात सबवूफर? रस्त्यावरच्या माणसांनी जायचं कुठे?"

"तुझ्या गाळ्यात येऊन बसा म्हणावं. नाहीतरी गिऱ्हाईक कुठे असतं."

मग नीट समजावून सांगितलं त्याने. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वॉटचा आकडा वाचायचाच नाही. पेटी उलटी करायची, मागे बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, तो बघायचा. पहिला म्हणजे एकदाच ओरडेल तेवढा. दुसरा म्हणजे दिवसभर दम न टाकता देईल तेवढा. म्हटलं, अरे, माणसांनाही मागे असा आकडा लिहून द्यायला हवा होता, जावई शोधताना किती बरं पडलं असतं.

स्वस्तात स्वस्त सीटखालचा दाखवला. आत सहा इंची स्पीकर. मी बाकावर बसले, तो खाली ठेवला, चपला काढून तळवे त्याच्यावर. भोंग्या म्हणतो, "ताई, स्पीकर कानाने ऐकतात."

"तू ऐक कानाने."

माशी डब्यात अडकल्यासारखं घोंघावत होतं. हे बसचं इंजिन म्हणून यांना ऐकवलं तर मला वेड्यांच्या दवाखान्यात सोडून येतील, तेही चालत. नको म्हटलं.

मग त्याने फळीवरून एक काढला. आठ इंची, तोही चपटाच. कोणा गिऱ्हाइकाने परत केलेला, कारण काय तर कोपरा चेपलाय नि रंग खरवडलाय. मेला, सीटखाली कोण बघायला जातंय? मागचा बारीक आकडा सहा इंचीच्या दुप्पट. भोंग्याने जाड आवाजाचं काहीतरी लावलं —

आहाहा. तळव्यातून पोटरी, पोटरीतून गुडघा. माझा दुखरा गुडघा तर म्हणाला, अजून थोडा वेळ.

कापडाची टेप पर्समध्ये असतेच. उंची मोजली, लांबी मोजली. माझ्या गाडीच्या सीटखाली किती जागा आहे ते मला झोपेत विचारा. घेतला. चेपलेला कोपरा दाखवून किंमत आणखी पाडली, भोंग्याचं तोंड त्या कोपऱ्यासारखं झालं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

साहेबांनी गाडीची किल्ली कपाटात कुलूपबंद केली.

"बॅटरीवर लोड येईल. वायर जळेल. सोसायटीत लोक काय म्हणतील? आई, वय काय आपलं?"

"आपलं? तुझं काय ते मला माहीत आहे, मी तिथे हजर होते."

बोलून फायदा नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण या घरात प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते हे ज्याने त्याने मलाच विचारत आजवर दिवस काढलेत. गाडीची किल्ली आता माझ्या गळ्यात आहे, दोऱ्यात ओवलेली. अंघोळीलाही काढत नाही.

यांच्या कानावर सगळं जातंय. खिडकीतून मान न वळवता म्हणाले, "कशाला वाद घालतेस पोराशी?" मी म्हटलं, तुमच्याशी घालता येत नाही म्हणून. 

गुरुवार, १२ फेब्रुवारी

टिकलीला शेवटी सगळं सांगितलं. कोणीतरी हवंच होतं, बसचा आवाज मला थोडाच टिपता येणार. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "आजी, तू भयंकर आहेस." कौतुकच असावं.

कॉलेजातून येताना डेपोत गेली. तिथल्या एका ड्रायव्हरकाकांना सांगितलं, आबांसाठी हवंय. आबांचं नाव काढताच त्याने बस चालू करून दिली म्हणे. मोबाईल इंजिनाच्या झाकणावर ठेवून टिपलं सगळं — उभी गाडी, चालू गाडी, गिअर टाकताना, वळताना. मिस्त्रीसुद्धा येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्याला सांग, खुर्ची ठेवलीय त्याच्यासाठी. पहिल्या रांगेत."

तिने मला हे सांगितलं, मी यांना नाही सांगितलं. अजून नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

भोंग्याने घरी येऊन पेटी बसवली. इमारतीच्या खालीच, सगळ्यांसमोर. बॅटरीपासून जाड वायर ओढली, बॅटरीजवळ फ्यूज लावला, म्हणाला, बारीक वायर लावणाऱ्यांच्याच गाड्या पेटतात. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "फ्यूज लावलास ना रे?" वर गॅलरीत साहेब उभा होता.

दोन नंबरच्या बाई येऊन विचारून गेल्या, गाडी बिघडली का. म्हटलं, नाही, सुधारतेय.

भोंग्या गेला. मी शेजारच्या सीटवर बसले, यांच्या जागेवर, आणि टिकलीने बसचा आवाज लावला.

काही नाही.

म्हणजे कानाला आवाज येतो. घुर्र, घुर्र. पण बुडाला काही नाही. गादीवर बसून रेडिओ ऐकावा तसं. टिकलीने आवाज वाढवला. दोन नंबरच्या बाई परत आल्या. पण खाली काही नाही ते नाहीच.

भोंग्याला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चेपका माल गळ्यात मारलास, जुनी ओळख अशी वापरतात का, तुझ्या भोंग्यांनी माझ्या इतक्या सुया तुटल्या. त्याने ऐकून घेतलं. सोमवारी येतो म्हणाला.

साहेबाने काही विचारलं नाही. नुसता शिट्टी वाजवत होता. त्या शिट्टीने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

भोंग्या आला. वायर बघितली, फ्यूज बघितला, सगळं ठीक. मग पठ्ठ्याने गाडीच्या तळाला हात लावला. माझा हात धरून तिथे ठेवला. पत्रा धडधडत होता! सीटची लोखंडी चौकट धडधडत होती! अगदी बससारखी.

"ताई, खाली सगळं आहे. वर येत नाही. मध्ये काय कोंबलंय?"

मी कोंबलंय. दुसऱ्या कोणी नाही.

गाडी माझी झाली त्या आठवड्यात मी यांची सीट शिवायला घेतली होती. जन्मभर लोकांच्या सीट शिवल्या, आपल्या माणसाची पहिलीच. मग काय, हात आवरेना. जाड फोमचे दोन थर, त्यावर मऊ पातळ थर, वर रेक्झिन, त्याला रजईसारखी चौकटींची शिलाई. पाठीला उशी वेगळी. माझ्या हातून याहून चांगली सीट झालेली नाही. सीट कसली, पाळणा होता तो.

आणि वर रस्त्याचा एक खडा लागू देत नव्हता. हे बसले होते त्यावर! "बुडाखाली काही लागतच नाही." म्हणजे ती गाडीची तक्रार नव्हती, माझ्या शिवणाची होती. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. काखेत कळसा म्हणतात, तसं मी कळशावर बसून गावभर वळसा घातला.

मी कपाळावर हात मारला. भोंग्या म्हणाला, "ताई, परवाच्या शिव्या परत घ्या."

"निम्म्या घेते. सुया तुझ्याच भोंग्यांनी तुटल्यात."

कात्री आणली आणि तिथेच गाडीशेजारी बसून उसवायला घेतलं. भोंग्या नको नको म्हणत होता. इतकं चांगलं काम, ताई, दुसऱ्या सीटला लावा. मी म्हटलं, काम चांगलं असून उपयोग काय, माणूस बसला पाहिजे.

टाका न् टाका उसवला. सगळेच पक्के घातले होते, मेले.

बुधवार, १८ फेब्रुवारी

नवी सीट झाली. खाली विणलेल्या जाड पट्ट्या ताणून बसवल्या, त्यावर बोटभर कडक फोम, वर साधं काळं रेक्झिन. चौकटी नाहीत, उशी नाही. बसच्या ड्रायव्हरची सीट असते तशी. एके काळी डेपोच्या सीटही माझ्याकडे यायच्या दुरुस्तीला, हात विसरला नाही.

बसून बघितलं. टिकलीने आवाज लावला.

उभी बस, इंजिन चालू. माझ्या मांड्या थरथरल्या, पाठीचा मणका थरथरला. डोळे मिटले तर पुढे मोठी काच, खाली सगळं शहर. मला कळलं यांचं काय गेलंय ते. आजवर वाटायचं नोकरी गेली, लायसन गेलं. हे गेलंय.

आता बघतेच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

नीट बोलावलं तर यायचे नाहीत हे ठाऊक होतं. मी वर जाऊन म्हटलं, "अहो, गाडीचा आवाज वेगळाच येतोय. साहेब म्हणतो गॅरेजला टाका. तुम्ही जरा ऐकून सांगता का?"

ड्रायव्हरला असं विचारलं आणि तो उठला नाही असं होत नाही. शर्ट बदलला. जिन्यात कठडा धरून, माझा हात न धरता, उतरले. किती दिवसांनी!

बसले. सीटवरून हात फिरवला. "ही बदललीस?" म्हटलं, हो. टिकली मागे मोबाईल घेऊन बसलेली. मी गाडी चालू केली, तिने आवाज सोडला.

यांनी हात पुढे टेकवला, तळवा पसरून.  मग म्हणाले, "आपल्या डेपोची आहे ही."

"हो."

"इंजिन गार आहे अजून. घाई केली चालवणाऱ्याने."

टिकलीने मागून माझा खांदा दाबला.  म्हटलं, मग जाऊ या का चौकापर्यंत? मान हलवली त्यांनी. मी सोडली गाडी. हळूच. यांचा पाय खाली मॅटवर दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता. मला वाटलं, ठेका धरलाय! जिंकले म्हटलं मी. चला, रविवार आपला.

गेट आलं.

"थांबव."

"अहो, का?"

"धडधड चांगली आहे. अगदी खरी." दार उघडलं. "पण नाही गं."

उतरले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज वरपर्यंत ऐकत मी बसले. टिकलीचा मोबाईल बंद करायचा राहिला, रिकाम्या सीटखाली बस चालूच होती.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

 भोंग्याचा फोन आला, कसं झालं म्हणून. अंघोळीला गेलेय असं टिकलीला सांगायला लावलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

साहेब आज जवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, मला टिकलीने सांगितलं. मला आधी का नाही बोललीस? मी विरोध केला नसता." म्हटलं, म्हणूनच नाही बोलले. तू विरोध केला नसतास तर मला जोर कुठून आला असता? हसला. लहानपणी हसायचा तसा, ओठ दाबून. मग म्हणाला, "आता सोड ना. बाबांना नाही जायचं तर नाही."

सोडते कसली.

जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या मी डेपोत जाणार आहे. एकटी. ज्या माणसाने आमच्या घरातल्या माणसाला जन्मभर धडधाकट घरी पाठवलं, त्याला निरोप द्यायला या घरातून कोणीतरी गेलंच पाहिजे. गाडी घेऊन जाणार, धडधडत जाणार, आणि पहिल्या रांगेत यांच्यासाठी खुर्ची ठेवलीय, तिच्यावर बसणार."

हे घास चावत होते. चावायचे थांबले. मग परत चावायला लागले.

"आणि तिथे कोणी विचारलं की हे कुठे आहेत, तर खोटं बोलणार नाही आता. सांगणार, खिडकीत आहेत."

सूनबाई या वेळी आत गेली नाही. तिथेच बसून राहिली.

मी ताट उचललं.  मी बोलले ते बोलले.

रविवार, २२ फेब्रुवारी

साडी नेसून, किल्ली घेऊन खाली गेले तर हे आधीच गाडीपाशी उभे. इस्त्रीचा शर्ट. हात मागच्या दाराला.

म्हटलं, अहो, पुढे. सगळी धडधड पुढच्या सीटखाली आहे, माझा अख्खा महिना गेलाय तिच्यात.

"राहू दे. पुढे बसलं की पाय ब्रेक शोधतो. मग ना गाडी माझी, ना तुझी." दार उघडून आत बसले. मागे, पॅसिंजर बसतात तसे, खिडकीशी. "तू चालव."

मी बसले. आरशात बघितलं, ते बाहेर बघत होते. मग माझ्या सीटच्या पाठीवर बोटाने दोनदा ठोकलं — कंडक्टर देतात तशी डबल बेल.

मी पहिला गिअर टाकला.